डब्याचं वजन वजा करून

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळी इमारत काटेसाहेब म्हणते. हे त्यांचं आडनाव नव्हे. आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी त्यांनी पाणसळ लावून इतकी सरळ ठोकली आहे की बघणारा तिचा सरळपणाच बघत राहतो आणि नाव वाचायचं विसरतो. एकतीस वर्षं ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, पेटीतून पितळी वजनं काढायची, काटा तपासायचा, आणि खोटा निघाला तर दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळवायचं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी ते बाजारात दिसले की दुकानदार अजून पोट आत घेऊन उभे राहतात.

मी दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलाशी बसते. लोकांना तोंड उघडायला लावणं हा आमचा धंदाच. त्यामुळे या इमारतीत कुणाचं काय चाललंय ते मला ठाऊक असतं, आणि जे नसतं ते वहिनी सांगतात. वहिनी म्हणजे काटेसाहेबांची बायको. त्या म्हणतात, "चाळीस वर्षांच्या संसारात एकदाच मला म्हणाले, छान दिसतेस. मी म्हटलं, खरंच? तर म्हणाले, या उजेडात."

साहेबांचं एक वाक्य इमारतीतल्या लहान मुलांनाही पाठ आहे: "आधी काटा शून्यावर आणा." म्हणजे काय, तर रिकामा डबा काट्यावर ठेवायचा, त्याचं वजन वजा करायचं, काटा शून्यावर आला की मगच डब्यात माल टाकायचा. पुष्कळ दुकानदार डब्यासकट तोलतात आणि गिऱ्हाईक बिस्किटांच्या भावानं पुठ्ठा घरी नेतं. साहेब आयुष्यभर या पुठ्ठ्याच्या मागे लागले. त्यांचं म्हणणं, जग निम्म्याहून जास्त पुठ्ठाच आहे.

आता वाटेल की माणूस नुसता खडूस. तसं नाही. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका कॉफीवाल्याचा काटा भर गिऱ्हाइकांत खोटा ठरवून बंद केला होता. पंधरा दिवसांनी त्यांची स्वतःची वजनं तपासणीला गेली, तेव्हा कळलं की त्यांचंच एक किलोचं वजन झिजलेलं होतं. दुसऱ्या कुणी तो कागद फायलीच्या तळाशी सारला असता. हे दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीवाल्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि दुकान बंद होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "या दुकानाचा काटा खरा आहे. खोटा माझा होता." दुपारी कॉफीवाल्यालाच दया आली, त्यानं बसायला स्टूल दिलं. वहिनी म्हणतात, "संध्याकाळी आले ते घसा बसवून. पुढचे चार दिवस घरात काय शांतता होती म्हणून सांगू! तसला कॉफीवाला पुन्हा भेटला नाही बाई."

निवृत्तीनंतर साहेब रोज सकाळी दहा ते एक खिडकीशी संगणक लावून बसायचे. आम्हाला वाटायचं, आठवणी लिहितायत. वहिनींना विचारलं तर म्हणायच्या, "कुणास ठाऊक. काहीतरी तोलत असतात."

ते काय तोलत होते हे मला कळलं, ते माझ्याच करणीनं.

आमच्याच मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात, एक शिवणवाली ताई राहते आणि तिची मुलगी. मुलीला सगळे टाचणी म्हणतात. अंगानं बारीक, आणि बोलणं टोचणारं. वय एकोणीस. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे तिचे हातपाय तिला न विचारता स्वतःच काहीबाही ठरवतात. चाकाच्या खुर्चीत असते. बोलताना एकेक शब्द सावकाश येतो. तिचं वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबलं की बहुधा आपलाच पोपट झालेला असतो. एकदा मी तिला म्हटलं, "तुझं वय होतं तेव्हा मी फार सुंदर होते." ती म्हणाली, "मावशी... तेव्हा... कॅमेरे नव्हते का?"

ही टाचणी क्लब थ्रो खेळते. क्लब म्हणजे मानेशी बारीक आणि तळाशी जाड अशी लाकडी बाटलीच. ती फेकायची. खेळाडूला एका चौकटीत पट्ट्यांनी घट्ट बसवतात. टाचणी पाठमोरी बसते आणि क्लब डोक्यावरून मागे भिरकावते. म्हणजे जिकडे टाकायचं तिकडे बघतच नाही! आमच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, "मीसुद्धा आरशात बघून दात काढतो. यात विशेष काय?" तर असे आमचे डॉक्टर.

मागच्या वर्षी टाचणी मोठ्या राष्ट्रीय स्पर्धेला जाऊन आली. तीन वर्तमानपत्रांत तिच्याविषयी छापून आलं. ताईनं ती कात्रणं ब्लाउजच्या कागदी नमुन्यांच्या फायलीत जपून ठेवली आहेत. ती वाचून माझ्या मनात आलं की जालावर जो मोठा ज्ञानकोश आहे, जिथे कुणीही लिहावं आणि कुणीही सुधारावं, तिथे आपली टाचणी का नसावी? तिथे बेडकांच्या सातशे जाती आहेत म्हणे. टाचणी काय बेडकापेक्षा कमी आहे?

एका दुपारी दवाखान्यात सामसूम होती. मी 'खिडकी' या नावानं खातं उघडलं आणि सत्तावीस ओळींचा लेख लिहून टाकला. काय लेख होता! तिच्या जन्माच्या वेळी बाहेर कसं वादळ होतं. आईचे अश्रू शिलाई यंत्रावर कसे टपकत. चाकाच्या खुर्चीलाही कसे पंख फुटले. आणि शेवटची ओळ अशी: "तिच्या यशात शेजाऱ्यांचा, विशेषतः समोरच्या दारातील शेजारणीचा, मोलाचा वाटा आहे." ही ओळ मी अगदी तटस्थपणे लिहिली होती.

तिसऱ्या दिवशी घरी बघते तर लेखाच्या डोक्यावर लाल पाटी: हा लेख वगळावा का? सात दिवस चर्चा चालेल, मग प्रचालक निर्णय देतील. प्रचालक म्हणजे तिथले पंच. पाटी लावणाऱ्यानं खाली लिहिलं होतं: "तीन संदर्भ दिले आहेत. तिन्हींमध्ये खुर्ची आहे, आई आहे, अश्रू आहेत. खेळ नाही, अंतर नाही, क्रमांक नाही. खुर्ची, आई आणि अश्रू वजा केले तर पारड्यात काय उरतं? आधी काटा शून्यावर आणा. माझं मत: वगळा." खाली नाव: 'शून्यावर'.

मी पाचव्यांदा ते वाचलं. मग छताकडे बघितलं. छतावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

शोधलं तेव्हा कळलं, या 'शून्यावर'नं नऊ वर्षांत तीनशे बारा लेखांना लाल पाटी लावली होती आणि एकदाही माघार घेतली नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, ते हेच. आता वर जाऊन भांडावं, तर लेख मी लिहिलाय हे कबूल करावं लागलं असतं, आणि ओळखीच्या माणसाविषयी लपून लिहिणं तिथे नियमाबाहेर. म्हणून मी सरळ मार्ग सोडला आणि आपल्या स्वभावाला मानवेल तो धरला. जिन्यावर उभी राहून मतं गोळा केली.

तासाभरात अकरा नवी खाती उघडली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी नातीकडून लिहवून घेतलं, "ठेवा. मुलगी गुणाची आहे." आमच्या डॉक्टरांनी लिहिलं, "ठेवा. दात उत्तम." लिफ्टवाल्यानं लिहिलं, "ठेवा. मी याच लिफ्टनं तिला रोज नेतो." वहिनींनीसुद्धा मत दिलं, आपल्याच नवऱ्याविरुद्ध, अर्थात न कळता. आणि ताईनं 'शिवण' या नावानं लिहिलं, "माझीच मुलगी आहे. ठेवा हो."

संध्याकाळी 'शून्यावर'नं अकराही मतांवर आडवी रेघ मारली आणि लिहिलं, "एका तासात अकरा नवी खाती, आणि त्यांतली एक आई. ही मतं एकाच जिन्यावरून आलेली दिसतात. जिना हा स्वतंत्र स्रोत नाही."

हात दाखवून अवलक्षण! पण खरी फजिती पुढेच होती. ताईला वाटलं आपण मोठं पुण्याचं काम केलं, म्हणून तिनं लेख आणि चर्चा दोन्ही टाचणीला वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी वहिनींची कात्री परत द्यायला वर गेले होते. कात्री गेल्या महिन्यातली होती, पण मला वरचं वातावरण बघायचं होतं. तेवढ्यात लिफ्टचा आवाज आला आणि टाचणी खुर्ची चालवत थेट साहेबांच्या टेबलाशी येऊन थांबली. मागून ताई, गळ्यात मोजपट्टी तशीच.

"काका," टाचणी म्हणाली, "शून्यावर... तुम्हीच ना?"

साहेबांना खोटं बोलता येत नाही. सवयच नाही. "हो," ते म्हणाले.

वहिनींच्या हातातलं भांडं थांबलं. "म्हणजे नऊ वर्षं हे चाललं होतं? आणि मी उगाच एखादी बाई शोधत होते!"

"काका, तुमचं बरोबर आहे," टाचणी म्हणाली. "तो लेख... वगळा."

ताई म्हणाली, "अगं, असं काय करतेस? किती छान लिहिलंय. मी दोनदा रडले."

"तेच तर. सत्तावीस ओळी. माझा जन्म सहा ओळी. तुझे अश्रू नऊ. माझी फेक... अर्धी ओळ. तीही कशी? 'लाकडी वस्तू दूरवर टाकते.'" मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "कोणी लिहिलंय... कोण जाणे. समोरच्या दारातली... कुणीतरी असेल."

मी कात्रीची धार तपासू लागले.

"मग वगळू या," साहेब म्हणाले. पण आवाजात नेहमीचा ठसका नव्हता.

"नको. म्हणजे... हा वगळा. पण मला लेख हवाय. खरा." टाचणीनं दम घेतला. आम्ही थांबलो. "मी बारा वर्षांची होते. खुर्चीत बसून काय खेळता येतं ते शोधत होते. सगळे म्हणाले, बुद्धिबळ. मला बुद्धिबळाचा राग येतो. मग एका परक्या भाषेतल्या ज्ञानकोशात... एक बाई सापडली. सहा ओळींचा लेख. भाषांतर करून वाचला. नाव, गट, खेळ, अंतर, तारीख. तिचे हात माझ्यासारखेच. आणि त्या सहा ओळींत... कुणीच रडत नव्हतं. मी त्याच दिवशी लाटणं मागे फेकलं."

"कपाटाचा आरसा गेला," ताई म्हणाली. "बरोबर मधोमध."

"आपल्या भाषेत शोधलं तर... आजही काही येत नाही. पुढच्या मुलीनं काय करायचं? बुद्धिबळ?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अंतर किती आहे तुझं?"

"एकोणीस मीटर बासष्ट. आमच्या गटात... राष्ट्रीय विक्रम आहे."

"विक्रम? मग वर्तमानपत्रात कसा नाही?"

"बातमीदार आईशी बोलले. मला त्यांनी... कसं वाटतंय एवढंच विचारलं. मी अंतर सांगायला लागले. त्यांना घाई होती."

मग साहेब हळूच म्हणाले, "पाटी लावण्याआधी आपण स्वतः शोध घ्यायचा, असा नियम आहे. मी घेतला नाही. ते अश्रू बघून माझं डोकं फिरलं आणि मी पाटी लावून टाकली."

वहिनी माझ्या कानाशी लागल्या, "कॉफीवाला! कॉफीवाला आला बघ परत!"

चार दिवस उरले होते. साहेबांनी जुनी पेटी काढली, तीतली वजनं बाजूला ठेवून वही-पेन टाकलं आणि वाचनालय गाठलं. जाताना मला म्हणाले, "शेजारीणबाई, तुम्ही चला. पानं उलटायला चार हात लागतील. आणि या लेखाबाबत तुमचं काय देणं बाकी आहे ते मला माहीत आहे." माझं पितळ कधीच उघडं पडलं होतं म्हणजे. विचारलं, "कसं ओळखलंत?" तर म्हणाले, "समोरच्या दारातील शेजारणीची इतकी स्तुती दुसरं कोण करणार?"

दोन दिवस आम्ही धूळ खाल्ली. खेळ महासंघाच्या कार्यालयातून शिक्का मारलेलं निकालपत्रक मिळालं: एकोणीस पूर्णांक बासष्ट, राष्ट्रीय विक्रम. पण ते झालं महासंघाचं स्वतःचं. साहेबांना तिऱ्हाईत हवा होता. शेवटी प्रशिक्षकांसाठी निघणाऱ्या एका त्रैमासिकात तो सापडला. दोन पानांचा लेख, त्यात टाचणीच्या खांद्याचा कोन, मनगटाची सुटका, क्लबचा मार्ग, बाणांच्या आकृत्या. आई नाही, वादळ नाही. साहेबांचा चेहरा असा उजळला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला विचारलं, "यांना नातू झाला का?"

आणखी एका क्रीडा साप्ताहिकात सबंध स्पर्धेचा वृत्तान्त होता. त्यात लिहिलं होतं की टाचणीच्या सहा फेकींपैकी पाच बाद ठरल्या, कारण क्लब आखलेल्या रेषांच्या बाहेर पडला. एकच आत पडली, आणि तोच विक्रम. मला वाटलं, साहेब खूश होतील. ते उलट अस्वस्थ झाले. वाचनालयाच्या पायऱ्या उतरताना तीनदा थांबले. "सहापैकी पाच बाहेर? आणि सगळ्या एकाच बाजूला? हा नशिबाचा भाग नाही. काट्यात दोष आहे."

"अहो, ती माणूस आहे, काटा नव्हे," मी म्हटलं.

"मग वजनात दोष आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मैदानावर. टाचणी चौकटीत बसलेली, शेजारी तिच्या प्रशिक्षक बाई, गळ्यात शिट्टी आणि नाकावर राग. साहेबांनी पेटीतून छोटा काटा काढला, गवतावर फळी ठेवली, पाणसळ लावली, काटा शून्यावर आणला आणि म्हणाले, "क्लब द्या."

"स्पर्धेत सगळे क्लब तपासूनच देतात," प्रशिक्षक बाई म्हणाल्या.

"ते स्पर्धेतले. हा सरावाचा ना? हा कुणी केला?"

"आमच्या सुतारानं. सहा वर्षांपूर्वी. चित्र बघून. अगदी बरोबर आहे तो, मी रोज हातात घेते. चारशेच्या आसपासच वाटतो."

"वाटतो हे वजन नाही," साहेब म्हणाले.

क्लबचं वजन किमान तीनशे सत्त्याण्णव ग्रॅम लागतं. काट्यावर आकडा आला चारशे एकतीस. साहेबांनी पुन्हा तोलला. चारशे एकतीस. तिसऱ्यांदा तोलताना प्रशिक्षक बाई स्वतः गवतावर गुडघे टेकून बसल्या होत्या.

"चौतीस ग्रॅम!" साहेब उठून उभे राहिले. "सहा वर्षं ही मुलगी चौतीस ग्रॅम जादा फेकते आहे! हाताला या वजनाची सवय. स्पर्धेत हलका क्लब हातात येतो, वेळेआधी सुटतो आणि जातो बाहेर!"

पुढे काय होणार, ओरडा की रडारड, म्हणून मी आणि ताई श्वास धरून उभ्या. तर टाचणी हसायला लागली. असली हसली की पट्ट्या करकरल्या, चौकट हलली, आणि एक हात उडून प्रशिक्षक बाईंच्या शिट्टीला लागला. "बाई... सहा वर्षं तुम्ही म्हणताय... जोर कमी पडतोय!"

प्रशिक्षक बाईंनी आधी तोंड लपवलं, मग त्याही हसल्या. सुताराला बोलावणं गेलं. तो येऊन म्हणाला, "लाकूड चांगलं वापरलं, हा गुन्हा झाला का?" साहेबांनी त्याला शेजारी बसवून थोडं थोडं तासायला लावलं, मधून मधून तोलत. तासलेला भुसा त्यांनी कागदात गोळा केला, शेवटी तोही तोलला आणि पुडी टाचणीच्या मांडीवर ठेवली. "हे तुझं नव्हतं," ते म्हणाले. "उगाच वागवत होतीस."

ताई त्या वेळी रडली. पण ते मी लेखात लिहिलेलं नाही.

लेख! सहाव्या दिवशी साहेबांनी मला त्यांच्या टेबलाशी बसवलं आणि सत्तावीस ओळी पुन्हा लिहायला लावल्या. असा छळ माझ्या शाळेतल्या बाईंनीही केला नव्हता. मी लिहिलं, "जिद्दी खेळाडू". ते म्हणाले, "संदर्भ?" मी म्हटलं, "सबंध इमारत सांगेल." ते म्हणाले, "इमारत स्वतंत्र नाही." मी लिहिलं, "अवघ्या एकोणिसाव्या वर्षी". ते म्हणाले, "अवघ्या काढा. वय पुरेसं आहे." मी चाकाच्या खुर्चीचे पंख वाचवायचा शेवटपर्यंत प्रयत्न केला. ते म्हणाले, "खुर्चीला चाकं आहेत. पंख असते तर खेळाचा प्रकार वेगळा झाला असता." संध्याकाळपर्यंत सत्तावीसच्या नऊ ओळी झाल्या. नाव, गट, खेळ, कसा खेळतात, अंतर, तारीख, विक्रम, फेकीची पद्धत, बाद फेकी. होय, पाच बाद फेकीही घातल्या. टाचणीचाच हट्ट. "त्यासुद्धा... माझ्याच आहेत."

मी चर्चेत कबूल केलं की मी शेजारीण आहे आणि ती अकरा मतं मीच गोळा केली होती. साहेबांनीही आपण वरच्या मजल्यावर राहतो हे लिहिलं. अख्खा जिना असा ज्ञानकोशात उघडा पडला.

सातव्या दिवशी सकाळी दहाला साहेबांनी टंकायला सुरुवात केली. आम्ही सगळ्या मागे उभ्या: वहिनी, ताई, मी, आणि पुढे खुर्चीत टाचणी. ते एका बोटानं टंकतात, त्यामुळे नाटक अक्षराअक्षरानं उलगडत होतं.

"हा लेख वगळावा ही सूचना माझी. सूचनेआधी शोध घ्यायचा असतो, तो मी घेतला नाही. मी डबा तोलला आणि माल नाही असा शेरा मारला. आता डबा वजा करून तोललं आहे, संदर्भ खाली दिले आहेत. माल पूर्ण भरतो. काटा खोटा होता, आणि तो माझा होता. मी सूचना मागे घेतो. ठेवा."

तीनशे बारा पाट्यांत पहिली माघार. वहिनी हळूच म्हणाल्या, "मला एकदा 'या उजेडात' असं म्हणाला होतात, ते पण मागे घेणार का?"

"ते तपासावं लागेल," साहेब न वळता म्हणाले, पण कान लाल झाले होते.

माणूस एवढ्यावर उठला नाही. आधी "वगळा" म्हणणारे आणखी तिघं होते, कुठल्या कुठल्या गावचे. साहेब दिवसभर तिथेच बसून एकेकाला उत्तर देत राहिले. एकानं विचारलं, एकाच स्पर्धेवर लेख कसा? साहेबांनी त्रैमासिकाची पानं दाखवली. दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही तिचे शेजारी, मग तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? साहेब म्हणाले, "ठेवू नका. निकालपत्रकावर ठेवा." दुपारी वहिनींनी जेवण टेबलावरच आणून ठेवलं. तीन वाजता तिसरा विरोधक, जो स्वतःला 'दाखला' म्हणवतो आणि साहेबांचा नऊ वर्षांचा जोडीदार आहे, त्यानं लिहिलं, "शून्यावर माघार घेतात म्हणजे मी काय बोलणार? ठेवा."

चारनंतर कधीतरी लाल पाटी गेली. नुसती गेली. मी फटाक्यासारखं काही व्हायची वाट बघत होते. पान शांत होतं, नऊ ओळी, वर तिचं नाव.

टाचणीनं शोधाच्या चौकटीत आपल्या भाषेत 'क्लब थ्रो' असं स्वतः टंकलं. वेळ लागला. आम्ही थांबलो. पहिलं आलं ते तिचंच पान. ती ते वरपासून खालपर्यंत दोनदा वाचत राहिली, म्हणून मी घाबरून म्हटलं, "काय गं, आवडलं नाही का?"

"मावशी," ती म्हणाली, "कुणीच रडत नाहीये."

नवा, म्हणजे तासलेला क्लब घेऊन तिनं तीन आठवडे सराव केला. मग एका सकाळी तिनं आम्हा सगळ्यांना मैदानावर बोलावलं. सहा फेकी. सहाही रेषांच्या आत. चौथी फेक तर अशी गेली की ताईनं तोंडातल्या टाचण्या थुंकून टाकल्या. साहेब पोलादी फीत घेऊन धावले. धावताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं, वहिनींनीही. तीनदा मोजलं, वाकून, पालथं पडून, प्रशिक्षक बाईंना दुसरं टोक धरायला लावून.

"एकवीस मीटर आठ!" साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज चक्क फाटला.

"जुन्या विक्रमापेक्षा दीड मीटर जास्त!" मी ओरडले. "आता घरी जा आणि लगेच ज्ञानकोशात घाला!"

"छे. सरावातली फेक. कुठे छापलेली नाही."

"अहो, तुम्ही स्वतः मोजलीत ना?"

"म्हणूनच घालता येत नाही."

"काका!" टाचणी पट्ट्यांत अडकलेलीच हसत होती. "माझी सगळ्यात मोठी फेक... आणि कोशात नाही?"

साहेबांनी फीत गुंडाळली, पेटीत ठेवली, पेटी बंद केली. "पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. तिथे फेक. कुणीतरी छापेल. त्या दिवशी सकाळी दहाला मी टेबलाशी बसलेला असेन."

असे हे आमचे काटेसाहेब. मला मात्र त्यांचे नियम लागू नाहीत. तेव्हापासून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी तो आकडा सांगते. डॉक्टरांनी यंत्र सुरू केलं की मी खुर्चीशी जाते आणि सांगते: एकवीस मीटर आठ सेंटीमीटर, बसून, पाठमोरी, न बघता. तोंड उघडं असलं की माणसाला संदर्भ मागता येत नाही.